भूतकालाचें अस्तित्व व संशोधकाचें ‘नाहीं’

जें आज दिसत नाहीं व ज्यास आज पुरावा नाहीं, तें एके काळीं होतें असें म्हणण्यास कांहीं अर्थ आहे काय, हा युरोपीय तत्त्वज्ञानांतील एक मोठा वाद आहे. बर्क्ली यांनीं १७१० सालीं तो दृश्य वस्तूंविषयीं उपस्थित केला. ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ मायकेल डमेट (१९२५–२०११) यांनीं १९६९ सालच्या एका निबंधांत तो भूतकालाविषयीं मांडिला. इतिहाससंशोधक या वादाच्या वाटेस सहसा जात नाहींत. परंतु नाहींसें झालेलें जग हाच ज्यांच्या अभ्यासाचा विषय, त्यांनीं तो टाळणें योग्य नव्हे. म्हणून त्याचें परीक्षण येथें योजिलें आहे.

वादाचें स्वरूप थोडक्यांत असें. वास्तववादी म्हणतो, घडलें तें घडलें. पुरावा उरो वा न उरो, त्याविषयींचें विधान खरें किंवा खोटें असलेंच पाहिजे. प्रतिवास्तववादी विचारतो, ज्या विधानाचा निर्णय करण्यास आज साधन नाहीं व पुढेंही मिळणार नाहीं, तें ‘खरें आहे’ म्हणजे काय? खरेपणा ओळखण्यास आपण पुराव्यावरून शिकलों. पुराव्यापलीकडे त्याचा विस्तार करण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला? डमेट यांनीं हा दुसरा पक्ष जितका सबळ करितां येईल तितका केला. मात्र तो सर्वस्वीं पत्करिला असें नव्हे.

या वादाची कसोटी पाहण्यास आम्हांस दूर जावयास नको. सोलापूर जिल्ह्यांत, माढें तालुक्यांत, उजनी येथें भीमेवर बांधलेलें धरण १९८० सालीं पुरें झालें. त्याच्या यशवंतसागर जलाशयाखालीं करमाळें, इंदापूर इत्यादि तालुक्यांतील अनेक गांवें गेलीं. माणसें नव्या गांवठाणांत गेलीं. जुनीं देवळें व वाडे तेथेंच राहिले. करमाळें तालुक्यांतील कुगांव येथील इनामदारांचा वाडा व पैलतीरीं इंदापूर तालुक्यांतील पळसदेव येथील पळसनाथाचें देऊळ हीं, पाणी फार ओसरलें म्हणजे, उघडीं पडतात. २०२४ च्या उन्हाळ्यांत तें देऊळ असेंच पाण्याबाहेर आलें होतें. जलाशय भरला कीं देऊळ नसतें, असें काठच्या मासे धरणाऱ्यास कोणी सांगूं लागला, तर तो वाद घालणार नाहीं. जाळें अडकूं नये म्हणून त्या जागेस मुकाट्यानें वळसा घालील.

त्याच उन्हाळ्यांत धरणाचा साठा सरकारी आंकड्यांत उणे ५० टक्क्यांच्याही खालीं गेला होता. या ‘उणे’ शब्दाचें मर्म असें, कीं शून्य हें तळाशीं मांडिलेलें नाहीं. जेथें उपयुक्त साठा संपतो तेथें तें मांडिलें आहे. त्याखालीं मृतसाठा म्हणून सुमारें ६३ अब्ज घनफूट पाणी मावतें. म्हणजे शून्य हें पाण्याचें नसून आमच्या उपयोगाचें आहे. पुष्कळ संशोधकांच्या दप्तरांतील शून्यही याच जातीचें असतें.

तथापि एवढ्यानें प्रतिवास्तववाद्याचें समाधान झालें असें समजूं नये. देऊळ पुन्हा दिसतें, म्हणजे त्याचा पुरावा मिळण्याजोगा आहे. खरा प्रश्न याच्या पुढचा. समजा, पाण्याच्या चढउतारानें एखाद्या दगडावरील अक्षरें समूळ झिजलीं. ठसा कोणी घेतला नव्हता. वाचणारा कोणी मागें उरला नाहीं. तेथें अमुक नांव कोरिलें होतें हें विधान आतां खरें कीं खोटें? प्रतिवास्तववादी म्हणेल, दोन्ही नाहीं. आमचें उत्तर असें, कीं झीज दगडाची झाली, कोरणाऱ्याच्या कृत्याची नव्हे. पुराव्याबरोबर सत्यही मरत असेल, तर दप्तर जळालें असतां कांहींच गमावलें नाहीं असें म्हणावें लागेल. कारण जें कळावयाचें राहिलें, असें कांहीं उरलेंच नाहीं. मग ठसे घेण्याची, कसर लागलेल्या पोथ्या वांचविण्याची घाई कशासाठीं? ‘हानि’ हा शब्दच वास्तववाद्याच्या पदरचा आहे.

डमेट यांनाही ही अडचण दिसली असावी. २००४ सालच्या ‘सत्य आणि भूतकाल’ या अर्थाच्या नांवाच्या पुस्तकांत ते पुष्कळ मागें आले: त्या काळीं, त्या स्थळीं योग्य ठिकाणीं असलेल्या माणसास जें पडताळतां आलें असतें, तेंही सत्य मानण्यास त्यांनीं मोकळीक दिली. ही माघार आम्ही दोष मानीत नाहीं. शिवाय डमेट स्वतः जुन्या खेळांचे नामांकित संशोधक होते. टॅरो नांवाचे पत्ते प्राचीन मिसरी विद्येचा अवशेष होत, असें कूर द जेबलें यांनीं १७८१ सालीं प्रतिपादिलें होतें. डमेट यांनीं १९८० सालच्या आपल्या मोठ्या ग्रंथांत दाखविलें, कीं ते १५ व्या शतकांत इटलींत खेळण्यासाठींच निघाले. तेथें त्यांनीं ‘पुरावा नाहीं’ एवढ्यावर न थांबतां ‘तसें नव्हतें’ असें म्हटलें.

हा अधिकार कोठून आला? याचें उत्तर आमच्या शास्त्रकारांनीं कधींच देऊन ठेविलें आहे. कोणतीही अनुपलब्धि अभाव सिद्ध करीत नाहीं, योग्यानुपलब्धि करिते. उजेडांत मोकळ्या भूमीवर घट दिसला नाहीं, तर घट नाहीं. अंधारांत दिसला नाहीं, तर इतकेंच कीं दिसला नाहीं. टॅरोच्या खेळाचे उल्लेख मधल्या शतकांत विपुल आहेत. म्हणून मिसरी विद्येविषयींचें त्यांचें मौन बोलकें ठरतें. भरलेल्या धरणाच्या पृष्ठभागाचें मौन तसें बोलकें नव्हे.

यावरून दोन्ही पक्षांचा वांटा ठरवितां येतो. वस्तु होती कीं नव्हती, या प्रश्नांत वास्तववादी बरोबर आहे. काय म्हणण्याचा आपणांस अधिकार आहे, या प्रश्नांत प्रतिवास्तववाद्याचा धाक हितकर आहे. राजवाडे यांनीं १८९८ सालीं साधनांचा पहिला खंड काढून, बखरींपुढें अस्सल पत्रें ठेविलीं, तेव्हां या दोन्ही गोष्टी त्यांच्या हातून एकदमच घडल्या. पत्राशिवाय बोलूं नये, हा धाक झाला. आणि पत्रावरून बखर चुकली असें म्हणतां येतें, ही घडलेल्या गोष्टीवरील श्रद्धा झाली. घडलेलें असें कांहीं नसतें, तर बखर चुकली कशापासून?

वाचकांस आमची विनंति एवढीच, कीं ‘उपलब्ध नाहीं’ व ‘नव्हतें’ हीं दोन पदें एकमेकांच्या जागीं लिहूं नयेत. आणि ‘नव्हतें’ लिहिण्यापूर्वीं, तें असतें तर येथें दिसलेंच असतें काय, हें स्वतःस विचारावें. उजनीकाठच्या गांवांपुरतें तर हें उत्तर अजून अंधारांतलें आहे. घरें पाण्यांत गेलीं तेव्हां ज्या पेट्या बैलगाडींतून नव्या गांवठाणांत आल्या, त्यांतील कागद पाहिल्यावांचून त्या गांवांविषयीं कोणीही ‘नव्हतें’ असें लिहूं नये. भिंती दर उतारास ढांसळत आहेत. सत्य त्यांच्याबरोबर बुडणार नाहीं. तें सांगण्याचा आमचा अधिकार मात्र बुडेल.