फेयॉन्सला नकली कोण म्हणते?

प्राचीन इजिप्तच्या दागिन्यांवरची लोकप्रिय पुस्तके चाळली तर पानेच्या पाने सोन्यावर खर्ची पडलेली दिसतात. निळ्याहिरव्या मण्यांची बोळवण मात्र एका वाक्यात होते: ज्यांना फिरोजा परवडत नसे त्यांच्यासाठी केलेली नक्कल. हे मणी फेयॉन्सचे. मुळात नावातच घोटाळा आहे. ते इटलीतल्या फाएन्झा गावच्या झिलईदार मातीच्या भांड्यांवरून पडले आणि इजिप्तच्या फेयॉन्समध्ये तर माती जवळजवळ नसतेच.

गारगोटीचे पीठ, थोडा चुना, तांब्याचे संयुग आणि नॅट्रॉन हा सोड्याचा क्षार किंवा वनस्पतींची राख (आपला सज्जीखार आठवा) हे सारे पाण्यात कालवायचे. लगदा मोठा हट्टी असतो. आधी घट्ट, मळू लागले की सैल, वाकवले की भेगाळणारा. तो वाळताना पाणी पृष्ठभागाकडे सरकते आणि विरघळलेले क्षार बरोबर नेते. ओल्या भिंतीला लोणा येतो तो याच रीतीने. मग भट्टीत, साधारण ८०० ते १००० अंश सेल्सिअसला, हे क्षार पृष्ठभागावरची गारगोटी एरवीपेक्षा फार कमी तापमानाला वितळवतात आणि तांब्यामुळे निळी झालेली काच मण्यावर चढते. झिलईच्या इतर रीतीही होत्या; पण बाहेरून काही न लावता आतूनच झिलई आणणारी ही रीत मला सर्वांत चतुर वाटते. हे काम इ.स.पू. चौथ्या सहस्रकातले आहे. पुस्तकांत यातले अक्षरही नसते, ही माझी खरी तक्रार.

नकलेचा मुद्दा अगदीच खोटा नाही. बदख्शानहून येणाऱ्या लाजवर्दाला इजिप्ती लेखांत 'खरा' असे विशेषण लावलेले आढळते, म्हणजे फरक त्यांना ठाऊक होता. पण सिनाईतले सेराबित अल-खादिम पाहा. तिथे फिरोजाच्या खाणींशेजारी 'फिरोजाची स्वामिनी' हाथोर देवीचे देऊळ आहे. १९०५ मध्ये फ्लिंडर्स पेट्री यांनी ते खणले, तेव्हा देवीला वाहिलेल्या वस्तूंमध्ये फेयॉन्सचे असंख्य तुकडे निघाले. त्यांत राजांची नावे असलेली कंकणेही होती. हाताशी खरा फिरोजा असताना, खाणीच्या दारात, राजाच्या नावाने देवीला वाहिलेली ही वस्तू गरिबाची नक्कल कशी?

इजिप्ती लोक तिला 'चेहनेत' म्हणत. अर्थ, चमकणारे.