‘भूमिका’तील उषेची इच्छा

फूलबागेजवळील आमच्या शाळेत संमेलनाचे नाटक बसवीत असता एका विद्यार्थिनीने पुढेही रंगभूमीवरच काम करण्याची इच्छा बोलून दाखविली. तिच्या वडिलांची समजूत घालण्यास उपयोगी पडेल म्हणून श्याम बेनेगल यांचा ‘भूमिका’ (१९७७) मी पुन्हा पाहिला. समजूत बाजूलाच राहिली. माझीच पंचाईत झाली.

हंसा वाडकर यांच्या ‘सांगत्ये ऐका’ या आत्मकथनावर आधारलेला हा चित्रपट स्त्रीच्या मुक्तीची कथा म्हणून वाखाणला जातो. तो गौरव अस्थानी नव्हे. परंतु त्यामुळे एक गोष्ट दृष्टीआड होते. उषेला अभिनेत्री व्हावयाचे होते काय, हे तिला कोणीच विचारीत नाही. आजीजवळ गाणे शिकणारी पोर तेवढी सुखात दिसते. वडील जातात, केशव दळवी तिला मुंबईस स्टुडिओत नेतो आणि तोच गळा घराची चूल पेटविण्याचे साधन होतो. हंसाबाईंचेही चित्रपटातील पदार्पण १९३६ साली, ‘विजयाची लग्ने’मधून, अशाच कोवळ्या वयात झाले होते. लग्नानंतर उषा काम सोडू पाहते, तर नवरा सोडू देत नाही. काळ्यांच्या वाड्यात जत्रेला जाऊ म्हणते, तर दार उघडत नाही. एकाला तिची कमाई हवी, दुसऱ्याला तिची घरातील हजेरी.

स्मिता पाटील यांनी ही घुसमट विलक्षण संयमाने व्यक्त केली आहे. दोष आहे तो दिग्दर्शकाच्या दृष्टीत. उषेच्या कामाचे जे तुकडे आपणांस दिसतात, ते बहुतांशी जुन्या बोलपटांची गंमतीदार नक्कल आहेत. ती एखाद्या पात्रात बुडून गेली आहे, असा क्षण मला तरी आढळला नाही. मग या बाईने काय गमावले, हे प्रेक्षकाने कशावरून ओळखावे? आपल्या रंगभूमीवर निराळे उदाहरण आहे. १९३३ साली ‘नाट्यमन्वंतर’च्या ‘आंधळ्यांची शाळा’मध्ये ज्योत्स्नाबाई भोळे उभ्या राहिल्या, तेव्हा स्त्रीभूमिकेत स्त्री पाहण्याची सवयही प्रेक्षकांना पुरती झाली नव्हती, तरी त्यांच्या गाण्यातील व अभिनयातील आनंद लोकांपर्यंत पोहोचला. तो आनंद ‘भूमिका’त आजीच्या शिकवणीपुरताच उरतो.

त्या वडिलांना चित्रपट दाखविण्याचा बेत मी सोडला आहे. शनिवारी तिसऱ्या अंकाची तालीम आहे. तिलाच त्यांना बोलाविले आहे.