वत्सगुल्माचा सर्वसेन आणि अद्भुतरम्य प्रणयकाव्य

वाकाटक राजघराण्याच्या वत्सगुल्म शाखेचा संस्थापक सर्वसेन हा पहिल्या प्रवरसेनाचा मुलगा. त्याची राजधानी म्हणजे आजचे वाशीम. इतिहाससंशोधक वा. वि. मिराशी यांनी त्याचा काळ साधारणपणे इ. स. 330 ते 355 असा धरला आहे. त्याच्या राजवटीची हकीकत जवळजवळ काहीच मिळत नाही. 1939 साली वाशीमला त्याच्या मुलाचा, दुसऱ्या विंध्यशक्तीचा, ताम्रपट उजेडात आला, तेव्हा कुठे ही शाखा इतिहासात नीट उभी राहिली. कवी म्हणून मात्र सर्वसेनाचे नाव काव्यशास्त्राच्या ग्रंथांत शतकानुशतके घेतले जात होते. हा कवी आणि हा राजा एकच, अशी सांगड मिराशींनी घातली.

त्याचे ‘हरिविजय’ हे महाराष्ट्री प्राकृतातले महाकाव्य. रुसलेल्या सत्यभामेसाठी कृष्ण स्वर्गातला पारिजात आणतो आणि त्यासाठी इंद्राशी झुंजतो, हा त्याचा विषय. आजच्या वर्गवारीत त्याला अद्भुतरम्य प्रणयकथाच म्हणावे लागेल. देवांचा वृक्ष, स्वर्गावरची स्वारी असा सगळा थाट, आणि त्याचे मूळ घरातल्या एका रुसव्यात. प्रियेच्या मनधरणीसाठी योजलेला हा प्रसंग इतिहासग्रंथांत नसल्याचे काव्यशास्त्रकार अभिनवगुप्ताने नोंदवले आहे. पण त्याने तो दोष मानलेला नाही. उलट, रसासाठी मूळ कथा बदलण्याचा कवीला अधिकार आहे, हे सांगताना आनंदवर्धनाने कालिदासाच्या कृतींच्या जोडीला ‘हरिविजय’ही ठेवले. कुंतकानेही स्वाभाविक सौकुमार्यासाठी कालिदास आणि सर्वसेन ही नावे एकत्र घेतली. इतक्या चोखंदळ समीक्षकांनी घेतलेली ही दखल राजेपणापोटी नव्हे. ते काश्मीरचे, कित्येक शतकांनंतरचे.

तरीही ‘हरिविजय’ची संपूर्ण पोथी आज उपलब्ध नाही. जे हाती आहे, ते मुख्यतः भोज राजाने आपल्या काव्यशास्त्रावरच्या दोन ग्रंथांत दिलेल्या अवतरणांतून. वि. म. कुलकर्णी यांनी ही विखुरलेली पद्ये जुळवून कथेचा सांगाडा उभा केला. त्यामुळे या काव्याची रचना, प्रसंगांची बांधणी, शेवट यांवर ठाम बोलणे धाडसाचेच. वाकाटकांच्याच नंदिवर्धन शाखेच्या दुसऱ्या प्रवरसेनाचे ‘सेतुबंध’ मात्र टीकांसह शाबूत राहिले. वाकाटकांचे प्राकृत महाकाव्य सलग वाचायचे तर तेच वाचावे लागते.

वत्सगुल्माचा साहित्यिक लौकिक पुढेही टिकला. दहाव्या शतकाच्या आसपास राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचे लग्न याच नगरात लावले.

याच अद्भुतरम्य प्रकारातली कादंबरी मराठीत आली ती एकोणिसाव्या शतकात. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ 1861 ची, नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ 1868 ची. त्यांत चमत्कार आणि योगायोग भरपूर आहेत, पण बऱ्याचदा ते कथानक ढकलण्यापुरतेच येतात. ‘हरिविजय’मध्ये अद्भुत हे रुसव्याच्या मागून येते, आणि या प्रकारात सर्वसेन सरस ठरतो तो इथेच.