अर्धे वाचलेले पान

‘दडवलेला इतिहास’ सांगणाऱ्या पुस्तकांना आपल्याकडे वाचकांची वाण कधी पडली नाही. पु. ना. ओक यांचे लेखन हे त्याचे ठळक उदाहरण. १९६४ साली त्यांनी इतिहासाच्या पुनर्लेखनासाठी संस्था काढली. ताजमहाल त्यांनी १९६५ साली राजपूत राजवाडा ठरवला आणि पुढे ‘तेजोमहालय’ नावाचे शिवालय. व्हॅटिकन म्हणजे ‘वाटिका’ आणि ख्रिस्त म्हणजे कृष्ण, हेही त्यांचेच प्रतिपादन. अशा विधानांनी आपली मने दुखावतात. परंतु रागावण्यापूर्वी वाचावे, हा समीक्षेचा पहिला धर्म होय.

ओकांचा मोठा आधार म्हणजे शाहजहानचा दरबारी इतिहास, ‘बादशाहनामा’. कबरीसाठी निवडलेल्या जागी राजा मानसिंगाचा वाडा होता आणि तो वंशज जयसिंगाकडे आला होता, असे ग्रंथकार लाहोरी लिहितो. हे खरेच आहे. हा जयसिंग म्हणजे पुरंदरच्या १६६५ च्या तहातले मिर्झाराजे. परंतु त्या जागेचा मोबदला दिल्याचे आणि इमारतीचा पाया घातल्याचेही लाहोरी तेथेच सांगतो. बदली दिलेल्या हवेल्यांचे फर्मान १६३३ चे आहे. मकराण्याच्या संगमरवराविषयीची फर्मानेही जयसिंगालाच गेली आणि जयपूरच्या राजघराण्याने ती जपली. ज्या घराण्याची वास्तू बळकावली असे म्हणायचे, त्याच्याच दप्तरात उत्तर आहे! ओकांनी पान उघडले, पण अर्धेच वाचले. २००० साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा अर्ज फेटाळला. तरीही अशा सिद्धान्ताला मरण नसते. कारण पुरावा न सापडणे हाच तेथे लपवाछपवीचा पुरावा ठरतो.

युरोपातही हेच घडले. फ्रान्समध्ये पियेर प्लांतार याने १९५६ साली ‘प्रायरी ऑफ सायन’ नावाची संस्था स्थापिली. पुढे तिला मध्ययुगीन परंपरा चिकटवणाऱ्या बनावट वंशावळी पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात जमा झाल्या. त्यांच्या आधारे १९८२ साली एका इंग्रजी पुस्तकाने येशू आणि मरिया माग्दालेना यांचा वंश मेरोव्हिंजियन राजकुळात मिसळला. २००३ च्या ‘द दा विंची कोड’ कादंबरीने तो घरोघर पोहोचवला.

येथे आपणही आपले दप्तर तपासावे. सम्राट कॉन्स्टंटाइनने पोपना पश्चिमेचे राज्य दिल्याचा दानलेख ख्रिस्तसभेत शतकानुशतके प्रमाण मानला गेला. १४४० साली लोरेंझो वाल्लाने दाखवले की त्यातील लॅटिन चौथ्या शतकातील नव्हेच. खोटा कागद गेला, श्रद्धा राहिली.

खानदानी रक्त आणि गुपित यांची मोहिनी मोठी असते. ती वाचकाला विनाश्रम जाणकार बनवते. उलट आमच्या जतचे डफळे घराणे पाहा. डफळापूरची पाटीलकी, विजापूरकरांची देशमुखी, १८२० चा इंग्रजांशी करार, १९४८ चे विलीनीकरण. यात गुप्त खजिना नाही. पण सत्ता बदलताना एक घराणे कसे टिकले, याची खरी कथा आहे.

आठवी आज्ञा खोट्या साक्षीविरुद्ध आहे. मृतांना उलट जबाब देता येत नाही. म्हणून त्यांच्याविषयी बोलताना तरी पान शेवटपर्यंत वाचावे. आपल्या मुलांच्या हाती असे पुस्तक दिसले, तर ते हिसकावून न घेता त्यांच्याशेजारी बसून वाचावे.