गोळी, घाम आणि वेदनेची समीक्षा

वेदना, विद्रोह आणि नकार या तीन शब्दांवर आपली समीक्षा उभी आहे. ते शब्द फुकट मिळालेले नाहीत, म्हणून त्यांचा गैरवापर होताना गप्प बसता येत नाही. नैराश्यावरच्या गोळ्या घेतल्या की वेदना बोथट होते, विद्रोह विझतो, कविता मरते असे एका तरुण कवीने मध्यंतरी पूनम सागरमधल्या आमच्या बैठकीत मांडले. पुष्कळांनी माना डोलावल्या. मला हे मत घातक वाटते. वेदनेला शत्रू दिसतो. नैराश्यात माणूस शत्रूला सोडतो आणि स्वतःलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करतो. त्याला झोप नसते, घास उतरत नाही, शिष्यवृत्तीचा साधा अर्ज लिहवत नाही. ज्याला अंथरुणातून उठवत नाही तो नकार कोणाला देणार?

मात्र दुसऱ्या बाजूचे पांढरपेशे वाक्यही तपासले पाहिजे. वर्तमानपत्रांची आरोग्यसदरे सांगतात की नैराश्य म्हणजे ‘मेंदूतील रासायनिक असमतोल’. हे वाक्य आले कोठून? त्याचा एक धागा मुंबईतच सापडतो. रुस्तुम जाल वकील या मुंबईच्या डॉक्टरांनी १९४९ साली सर्पगंधेने रक्तदाब उतरतो हे ब्रिटिश नियतकालिकात मांडले. पुढे तिच्यातून रिसर्पिन वेगळे काढले गेले. ते घेणाऱ्या काही रुग्णांना खोल उदासी आल्याच्या नोंदी झाल्या. आणि रिसर्पिन तर मेंदूतील सेरोटोनिन, नॉरअॅड्रेनॅलिनचे साठे रिकामे करते! दुसरा धागा क्षयाच्या वॉर्डातला. १९५२ साली न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयात आयप्रोनायझिड दिलेले क्षयरोगी उल्हसित झाले. तीच द्रव्ये मोडणाऱ्या विकराला हे औषध अडवते. या दोन निरीक्षणांची गाठ मारून, ही द्रव्ये कमी पडली की नैराश्य येते असा सिद्धांत झाला. (नैराश्यावरचे पहिले औषध क्षयाच्या वॉर्डात सापडले, ही गोष्ट चाळीत आणि झोपडीत क्षय पाहिलेल्यांनी लक्षात ठेवावी.)

गाठ सैल होती. गोळी मेंदूच्या पेशींमधील सेरोटोनिन काही तासांत वाढवू लागते, पण माणसाला उतार पडायला दोन ते सहा आठवडे लागतात. २०२२ साली जोआना मॉनक्रिफ आणि सहकाऱ्यांनी उपलब्ध संशोधन एकत्र तपासले. नैराश्यात सेरोटोनिन कमी असते याचा सुसंगत पुरावा त्यांना मिळाला नाही. म्हणून गोळ्या निकामी ठरल्या काय? नाही. २०१८ साली ५२२ चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासात एकवीसही औषधे प्रौढांच्या नैराश्यात लुटुपुटूच्या गोळीपेक्षा सरस ठरली, फरक मात्र माफक होता. अॅस्पिरिनने डोके थांबते म्हणून डोकेदुखी अॅस्पिरिनच्या अभावाने होत नाही. ‘असमतोल’ म्हणणारा नेमकी हीच उडी मारतो आणि वसतिगृह, वॉर्ड, कचेरी यांना निर्दोष सोडतो. २०१९ साली मुंबईत डॉ. पायल तडवी यांच्या मृत्यूनंतर जातीय छळाचा आरोप झाला. तो प्रश्न कोणत्या रसायनात मोजणार?

इथून लोकलने पाचवे स्टेशन गोरेगाव. तेथे सिबा कंपनीच्या संशोधन केंद्रात नायट्रोक्साझेपिन हे नैराश्यावरचे औषध घडले आणि १९८२ साली ‘सिंटामिल’ नावाने बाजारात आले. तेव्हा ही विद्या परकी म्हणून झटकता येत नाही. ती वाचावी लागते, आणि वाचताना आपले शरीर मध्ये आणावे लागते.

लिथियम घ्या. उन्माद आणि उदासी यांच्यात हेलकावणाऱ्या माणसाला सावरणारा हा एक साधा क्षार. जॉन केड यांनी तो १९४९ साली ऑस्ट्रेलियात वापरला. रक्तात त्याचे प्रमाण साधारण ०.६ ते १.० मिलिमोल प्रति लिटर ठेवतात. दीडच्या वर विषबाधेचा धोका: उलट्या, जुलाब, हातांना जोराचा कंप, तोल जाणे. मूत्रपिंड लिथियमला सोडियमसारखेच वागवते. अंगातले पाणी आणि मीठ घटले की ते सोडियम धरून ठेवते, आणि त्याबरोबर लिथियमही. आता मे महिन्यात नाक्यावरून स्लॅबच्या कामावर जाणारा बिगारी डोळ्यांसमोर आणा. दिवसभर घाम, पाणी बेताचे, संध्याकाळी अंगदुखीवर मेडिकलमधून ब्रुफेन किंवा डायक्लोफेनॅक. ही दोन्ही औषधे लिथियम वाढवतात. मात्रा तीच, चिठ्ठी तीच, पण पंख्याखाली बसणाऱ्या कारकुनाला जी गोळी सोसते ती याला विषारी ठरू शकते. रक्त तपासायचे तर खाडा पडतो, खाडा पडला की मजुरी गेली.

माझे भांडण इथे आहे. गोळीच्या नावाने नाके मुरडणारा कवी आणि ‘असमतोल’ सांगून मोकळा होणारा सदरलेखक, दोघांनाही हा बिगारी दिसत नाही. कवीचे ऐकून त्याने गोळी एकदम सोडली तर उन्माद उसळून परतण्याचा धोका. सदर वाचून तो मुकाट घेत राहिला, तर उन्हाबद्दल त्याला कोणी बोललेलेच नसते. डॉक्टरांना त्याने आपले काम काय, तहान किती, दुखण्यावर काय घेतो हे सांगितले पाहिजे, आणि डॉक्टरांनी ते विचारले पाहिजे. आमच्या पुढच्या बैठकीत कवितेआधी लिथियमच्या खोक्यातली माहितीपत्रिका मराठीत वाचायची, असे मी सुचवले आहे. कवी येणार आहेत.