स्वल्पविरामाची जागा

आर्णीसारख्या तालुक्याच्या गावी मराठी माध्यमात शिकलेल्या मुलाची इंग्रजी निबंधाची वही उघडावी. शब्द बहुधा बरोबर असतात, क्रियापदांचे काळही पाठांतराने जमलेले असतात. लेखणी अडखळते ती स्वल्पविराम आणि उभयान्वयी अव्यये यांच्यापाशी. या चुकांना निष्काळजीपणा म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. आमच्या मते ती अन्यायाची आहे, कारण त्यांतील बहुतेक चुका शुद्ध मराठीच्या सवयीतून आलेल्या असतात.

'जरी तो गरीब होता, तरी प्रामाणिक होता' हे आपले सरळ वाक्य. 'जरी' आले की 'तरी'ची वाट कान पाहतोच. इंग्रजीला दोन वाक्ये जोडायला एकच अव्यय पुरते. म्हणून 'ऑलदो ही वॉज पुअर' असे लिहून झाल्यावर पुढे 'बट' घातला की वाक्य बिघडते. तसेच 'पाऊस आला, अरुणावती भरली, वाट बंद झाली' यात मराठीला काहीच खटकत नाही. इंग्रजीत मात्र अशी स्वतंत्र वाक्ये नुसत्या स्वल्पविरामाने बांधणे सदोष मानतात; तेथे शेवटच्या वाक्याआधी 'अँड' तरी हवा, नाही तर पूर्णविराम. आणि 'तो म्हणाला, की' या वळणाने 'दॅट'च्या आधी जो स्वल्पविराम येतो, तोही आपलाच पाहुणा.

सर्वांत मोठा घोटाळा 'जो-तो'च्या वाक्यांत होतो. 'जी मुले आर्णीला राहतात, त्यांना शेत मिळावे' यात मराठीचा स्वल्पविराम केवळ पहिले अंग संपल्याचे सांगतो. इंग्रजीत 'माय सन्स हू लिव्ह इन आर्णी' असे विनाविराम लिहिले, तर आर्णीत राहणाऱ्या मुलांपुरतेच बोलणे झाले. बाहेरगावचे वगळले गेले. तेच 'हू लिव्ह इन आर्णी' दोन स्वल्पविरामांच्या मध्ये बसवले, की सगळेच मुलगे आर्णीत राहतात आणि सगळ्यांनाच वाटा आहे, असा अर्थ होतो. मृत्युपत्रात हे घडले तर भावाभावांची बोलाचाल बंद व्हायला तेवढे एक चिन्ह पुरे.

याचे मूळ इतिहासात आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे जन्माने इंग्रज. त्यांचे 'क्रिस्तपुराण' 1616 साली छापले गेले ते ओवीत, आणि ओवीला थांबा कोठे घ्यावा हे सांगायला चिन्हाची गरज नसते. जुन्या मोडी कागदांतही आजची विरामचिन्हे आढळत नाहीत. ती मराठीत रूढ करण्याचे श्रेय एकोणिसाव्या शतकातील मेजर थॉमस कँडी यांना दिले जाते. म्हणजे चिन्ह आपण इंग्रजांकडून घेतले, पण बसवले आपल्या श्वासावर. 'जेथे दम घ्याल तेथे स्वल्पविराम द्या' हा शिक्षकांचा सल्ला म्हणूनच मराठीत बराचसा चालतो, इंग्रजीत फसवतो. तेथे तो श्वासाचा नसून वाक्याच्या बांधणीचा प्रश्न आहे. महाराष्ट्रात 2000 सालापासून इंग्रजी पहिलीपासून आले; पाचवीची वाट पाहणे संपले, तरी हा सल्ला काही वर्गांतून अजून गेलेला नाही.

आपल्या वाचकांना हा केवळ शाळेचा विषय वाटू नये. लूकच्या शुभवर्तमानाच्या तेविसाव्या अध्यायात क्रुसावरील प्रभू पश्चात्तापी चोराला सुखलोकाचे वचन देतात. 'आज' हा शब्द कोणाकडे जातो? स्वल्पविराम त्याच्या आधी असला, तर वचन आजच फळते. नंतर असला, तर आज केवळ सांगितले जाते आणि फळ कधी ते उघडे राहते. कॅथलिक आणि बहुतेक प्रॉटेस्टंट भाषांतरे पहिली वाट घेतात. यहोवाच्या साक्षीदारांचे 'न्यू वर्ल्ड ट्रान्सलेशन' दुसरी. मूळ ग्रीक लेखनात आजच्यासारखी विरामचिन्हे नव्हती, तेव्हा केवळ चिन्हाकडे बोट दाखवून वाद मिटत नाही. निकाल लागतो तो शेजारच्या वाक्यांवरून. 'मी तुला खचित सांगतो' या धाटणीने प्रभू शुभवर्तमानांत अनेकदा बोलतात. या एका जागेचा वाद सोडला, तर त्या शब्दांना 'आज' कोठेही जोडलेला नाही. शिवाय चोराने विनंती केली होती ती प्रभू राज्याधिकाराने येतील तेव्हाच्या आठवणीची, आणि उत्तरातला 'आज' त्या 'तेव्हा'ला आहे.