शिवोलीचो बुवा

तिलारी नदी घाटातून उतरते, आमच्या दोडामार्ग तालुक्यातून वाहत जाते आणि गोव्यात शिरली की नाव बदलते. कोलवाळात ती कोलवाळची नदी, त्याच्याही खाली शापोरा. समुद्राला मिळण्याआधी ज्या गावाला ती खेटून जाते ते शिवोली. गायक रेमो फर्नांडिस त्या गावचा आणि मी भेडशीचा. त्याचा आवाज आमच्याकडे आला तो मात्र नदीच्या उलट दिशेने, म्हापशाहून, माझ्या मावसभावाच्या पिशवीतून.

मावसभाऊ म्हापशात दुकानात कामाला होता. चतुर्थीला घरी आला तेव्हा माटवीच्या सामानाबरोबर त्याने ‘गोवन क्रेझी’ ही कॅसेट आणली. ज्या खोलीत सकाळी घुमटावर आरत्या झाल्या, त्याच खोलीत दुपारी ती लागली. इंग्रजी गाणे म्हणजे दूरदेशीचे, आपल्याला न कळणारे, अशी माझी समजूत होती. या माणसाचे इंग्रजी मला कळत होते, कारण म्हापशाच्या बाजारात मी ऐकले होते तसेच ते होते. शब्दाच्या शेवटचे व्यंजन तो गिळत नव्हता. हेल सरळ कोंकणीचा होता.

ती कॅसेट १९८४ सालची. रेमो मुंबईत वास्तुशास्त्र शिकला, मग युरोप आणि उत्तर आफ्रिकेत भटकला आणि परत शिवोलीत येऊन राहिला. राहत्या घरात, चार ट्रॅकांच्या कॅसेट रेकॉर्डरवर त्याने हा संग्रह केला. गाणी त्याची, वाद्ये त्याने वाजवलेली, आवाज सगळे त्याचेच, वेष्टनाचे चित्रही त्यानेच काढलेले. तयार कॅसेटी स्कूटरवर घालून तो स्वतः दुकानादुकानांत पोचवत असे. पुढे ‘पॅक दॅट स्मॅक’ आणि ‘बॉम्बे सिटी’ हे संग्रह मोठ्या कंपनीने काढले, १९८६ साली ड्रेस्डेनच्या गीतमहोत्सवात त्याला पारितोषिके मिळाली, २००७ साली पद्मश्री मिळाली. माझे मन मात्र त्या घरगुती पहिल्या संग्रहावर जडले आहे, आणि त्याचे कारण त्याच्या घडणीत आहे.

चार ट्रॅकांच्या यंत्रावर काम करणे म्हणजे जागेच्या टंचाईत संसार करणे. एका ट्रॅकवर गिटार, दुसऱ्यावर बास, तिसऱ्यावर ताल. मग हे तिन्ही चौथ्यात एकत्र ओतायचे, आणि रिकाम्या झालेल्या ट्रॅकांवर आवाज घ्यायचे. एकदा ओतले की परत वेगळे करता येत नाही. ताल किंचित मोठा झाला तर तो कायमचा मोठा. शिवाय प्रत्येक ओतण्याबरोबर टेपची खरखर वाढत जाते. म्हणून शेवटचा आवाज कुठे बसणार आहे, हे पहिली तार छेडण्याआधी ठरवावे लागते. जो इमारतीचे नकाशे काढायला शिकला आहे त्याला ही शिस्त जमली यात मला नवल वाटत नाही. त्या गाण्यांत फालतू भरणा नाही. गिटार जिथे थांबते तिथे बास बोलतो. बासरी येते तेव्हा बाकीचे मागे सरतात. एका वेळी एकानेच बोलायचे, ही रीत त्या संग्रहात शेवटपर्यंत पाळलेली आहे.

बास कसा वाजतो हे नीट ऐकण्यासारखे आहे. घुमट ज्याने वाजवला आहे त्याला ते लवकर कळेल. मातीच्या मडक्याच्या मोठ्या तोंडावर कातडे, त्यावर एका हाताची बोटे, आणि दुसऱ्या हाताचा तळवा मागच्या उघड्या तोंडावर. तळवा झाकला की आवाज आत दबतो, सोडला की गोल होऊन बाहेर पडतो. तेव्हा घोरपडीचे कातडे असे, आता बकऱ्याचे असते. २०१९ साली गोवा सरकारने घुमटाला राज्याच्या वारसावाद्याचा मान दिला. रेमोचा बास मला तसाच झाकत-सोडत चाललेला वाटतो. स्वर लावून तो सोडून देत नाही, मधेच बोटाने दाबतो, आणि त्या दाबलेल्या जागेत गिटारची वरची खरड येते. रेगेची ही रीत जमैकाची, हे मला पुढे कळले. तोवर माझ्या कानाने तिला आरतीतले घुमट समजून घरात घेतले होते.

दुसरी गोष्ट कोरसची. आमच्याकडे भजनात बुवा एक ओळ म्हणतो आणि मागचे ती उचलतात. कुणी जरा आधी, कुणी उशिरा, कुणाचा खर्ज, कुणाचा चिरका. त्यामुळे कोरसला अंग येते. ‘गोवन क्रेझी’तला कोरस तसा नाही. तिथले सगळे आवाज एकाच ठिकाणी श्वास घेतात, एकाच क्षणी थांबतात, शब्दाचे शेवटचे अक्षर एकाच वेळी मिटवतात. एकाच माणसाने स्वतःला साथ केलेली आहे. ते रेखीव आहे, गोड आहे, आणि त्यात एक एकटेपणा आहे. रात्री दिवा मालवून ऐकले की मला वाटे, हा माणूस रिकाम्या घरात हाका मारतो आहे आणि स्वतःच ओ देतो आहे.

म्हणून त्याला लोकांत ऐकायचे होते.

१९८० च्या दशकाची ती अखेरची वर्षे. दोडामार्ग अजून सावंतवाडी तालुक्यात होता. वेगळा तालुका झाला तो १९९९ साली. पण बाजार, दवाखाना, नोकरी या सगळ्यासाठी आमची तोंडे तेव्हाही गोव्याकडेच असत. संध्याकाळी मावसभावाच्या मित्राच्या राजदूतवर आम्ही तिघे निघालो. नाका ओलांडला, अस्नोडा गेले, थिवी गेले. काजूच्या हंगामाचे दिवस होते, रस्त्याकडेच्या भट्ट्यांचा आंबूस वास वाऱ्यावर येत होता. म्हापशाच्या पुढे मोकळे मैदान, बांबूचे कुंपण, आणि आत आमच्या जत्रेला जमतात तशी माणसे. म्हाताऱ्या बायका, कडेवर पोरे. रॉक ऐकायला आजी येते हे मी कल्पिले नव्हते.

तो आला तेव्हा आधी बासरी वाजवली. बांबूची. एवढ्या मोठ्या मैदानावर इतक्या लहान आवाजाने सुरुवात करायला धैर्य लागते. लोक गप्प झाले नाहीत, हळूहळू होत गेले. पुढच्या रांगेपासून मागे, पाणी जिरावे तशी शांतता मागे सरकत आली. ती आमच्यापर्यंत पोचली तेव्हा ड्रम सुरू झाला.

मग मी एक गोष्ट पाहिली, आणि पुढे जितक्या वेळा त्याला ऐकायला गेलो तितक्या वेळा ती शोधली. कॅसेटवर तो तालाच्या अगदी नेमक्या ठिकाणी गातो. यंत्राबरोबर एकटा असताना नेमके असावेच लागते. मैदानावर तो किंचित मागून गात होता. ठेका पुढे जाई, तो केसभर उशिरा शब्द टाकी, आणि त्या केसभर फटीत लोक शिरत. ज्यांना गाणे पाठ होते त्यांनी त्याच्याआधी शब्द उच्चारला, तो त्यांच्या मागून आला. दुसऱ्या कडव्याला त्याने ओळीचा शेवट सोडूनच दिला. तारांवरचा हात उचलला, माईकपासून मान मागे घेतली. कॅसेटवर जिथे त्याचेच चार आवाज एकमेकांना ओ देत होते, तिथे आता हजारो जण होते. कुणी आधी, कुणी उशिरा, कुणी बेसूर. कोरसला अंग आले. तेव्हा माझ्या लक्षात आले की कॅसेटवरच्या त्या मोकळ्या जागा केवळ ट्रॅकांच्या टंचाईतून राहिलेल्या नव्हत्या. त्या जागा राखलेल्या होत्या.

मधेच त्याने जुनी कोंकणी गाणी घेतली. १९८५ साली ल्युसियो मिरांडाबरोबर त्याने ‘ओल्ड गोवन गोल्ड’ हा पारंपरिक गाण्यांचा संग्रह केला होता. मांडो संथ, सहा मात्रांत झुलणारा. त्याच्या पाठोपाठ दुलपद, मात्रा सहाच पण चाल धावती. आमच्या कानाला हा दादऱ्याचा चुलतभाऊ. दादऱ्यात पहिल्या आणि चौथ्या मात्रेवर वजन असते, भजनात टाळ तिथेच पडतो. रॉकचा ड्रम चार मात्रांचा, आणि वजन दुसऱ्या-चौथ्यावर. हे दोन ठेके एकमेकांवर ठेवणे सोपे नाही. अनेक जण सहाला सरळ चारात कोंबतात आणि दुलपदाचे पाय मोडतात. रेमोने तसे केले नाही. ड्रमला त्याने सहातच ठेवले, फक्त चौथ्या मात्रेवर काठी जोरात पाडायला लावली. बस्स, तेवढेच. दुलपद शाबूत राहिले आणि रॉकचा धक्काही मिळाला. शेजारची आजी लुगड्याचा पदर खोचून नाचायला उठली, यावरून ते बरोबर जमले असले पाहिजे.

गाण्यांच्या मधे तो कोंकणीत बोलत होता आणि आम्हाला कुणी अर्थ सांगण्याची गरज नव्हती. एवढ्या साध्या गोष्टीने मी किती भारावलो होतो हे आजही आठवते. हिंदी सिनेमाने आणि मुंबईच्या नाटकांनी आम्हाला सवय लावली होती की मोठी कला आपल्या घरच्या बोलीत बोलत नाही.

त्याची सगळीच गाणी मला सारखी आवडत नाहीत. व्यसनांविरुद्धची गाणी मनापासूनची आहेत, पण त्यांतली काही सांगायचे ते दोनदा सांगतात. नंतरच्या काही ध्वनिमुद्रणांत यांत्रिक ड्रम इतका पुढे येतो की बासला बोलायला जागा उरत नाही. सिनेमाने त्याला देशभर नेले: श्याम बेनेगलांचा ‘त्रिकाल’, १९८७ चा ‘जलवा’, मग १९९५ च्या ‘बॉम्बे’तले ‘हम्मा हम्मा’ आणि १९९८ चे ‘प्यार तो होना ही था’. ‘बॉम्बे’त संगीतकार रहमानने त्या आवाजातला खडबडीतपणा ओळखून नेमका वापरला. बाकी ठिकाणी सिनेमाला त्याचा शिक्का हवा होता, त्याची फट नको होती. तिथे तो ठेक्यावर गातो, लोकांसाठी जागा न ठेवता.

त्याच्या कर्तबगारीचे शिखर मला वेगळ्याच ठिकाणी दिसते. राजीव गांधी पंतप्रधान असताना गोव्यात आले, तेव्हा रेमोने त्यांच्यासमोर त्यांनाच उद्देशून एक गाणे म्हटले. गोव्याच्या तक्रारी, गोव्यातल्या पुढाऱ्यांचे वागणे, सगळे तोंडावर. स्थानिक मंडळी संतापली. पुढे पंतप्रधानांनी त्याला कौतुकाचे पत्र पाठवले. या प्रसंगाची गोष्ट बंडखोरी म्हणून सांगितली जाते. मला त्यात आमचे गाऱ्हाणे ऐकू येते. देवळात गावकार उभा राहतो, देवाला नाव घेऊन हाक मारतो, गावात काय बिघडले ते एकामागून एक सांगतो, आणि प्रत्येक वाक्याला मागून लोक ‘होय महाराजा’ म्हणतात. गाऱ्हाणे घालणारा भांडत नाही आणि पाया पडूनही बोलत नाही. तो उभ्याने, मोठ्याने, हक्काने बोलतो, कारण देव गावाचा आहे. रेमोचे ते गाणे त्याच चालीवर उभे आहे. संबोधन पहिल्याच शब्दात येते, सुरावट बोलण्याच्या उंचीवरच राहते, आणि तक्रार जितकी गंभीर तितकी चाल मोकळी. रागाचे गाणे असते तर स्वर चढले असते. ते चढत नाहीत. समोरचा ऐकेल, हा विश्वास त्या न चढलेल्या स्वरांत आहे.

त्याचे ‘ओड टू ग्रॅहम बेल’ हेही त्याच जातीचे. टेलिफोन लागत नाही, एवढाच विषय. पंचवीस-तीस किलोमीटरवरच्या म्हापशाला बोलायचे तर पोस्टात ट्रंक कॉल लावून तासन्‌तास बसण्याचे ते दिवस होते, त्यामुळे भेडशीत त्या गाण्याला विशेष भाव होता. विषय रोजचा, पण हाक थेट टेलिफोन शोधणाऱ्याला मारलेली. तक्रार करायची तर मूळपुरुषाकडेच जायचे, ही समजही गाऱ्हाण्यातलीच.

कार्यक्रम संपला तेव्हा मध्यरात्र उलटली होती. अस्नोड्याच्या अलीकडे पेट्रोल संपले, गाडी ढकलत आम्ही बरेच चाललो, आणि चालताना तिघांनी त्याचा एक कोरस धरला होता. एक आधी, एक उशिरा. भेडशीला पोचेपर्यंत उजाडले. आई चुलीपाशी होती.

‘रातभर खंय होतंस?’

‘म्हापशाक. गाण्याक.’

‘कोणाचा भजन होता?’

‘रेमोचा.’

‘तो खंयचो बुवा?’

‘शिवोलीचो.’

‘गळो कसो आसा?’

भजनांच्या डबलबाऱ्या ऐकून तिचा कान तयार झालेला होता, तिला मोघम सांगून चालणार नव्हते. मी आत जाऊन कॅसेट लावली. ती फुंकणी हातात धरून उभ्यानेच ऐकत राहिली. शब्द तिला कळत नव्हते. कोरस आला तशी तिने मान तिरकी केली.

‘मागसून धरणारो पण तोच मां?’

‘व्हय.’

‘सगळे?’

‘सगळे तोच. घरात एकटोच बसान केल्यान.’

ती पुढचे कडवे संपेपर्यंत काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘आणि रात्री कोण होते कोरसाक?’

‘आमी.’

तिने टोप चुलीवरून उतरवला, पदराने हात पुसले.

‘परत लाव बघया,’ म्हणाली.